पेटंट संपते, मक्तेदारी उरते

एटानर्सेप्ट हे संधिवातावरचे इंजेक्शन अमेरिकेत १९९८ साली विक्रीला आले. सँडोझ या कंपनीने त्याच्या तोडीचे औषध तयार केले, त्याची रीतसर तपासणी झाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला परवानगीही दिली. ते औषध अजून तिथल्या एकाही दुकानात आलेले नाही. मूळ औषधाच्या दोन पेटंटांचे अर्ज १९९५ च्या कायदाबदलाआधी दाखल झाले होते, ती मंजूर झाली २०११ आणि २०१२ मध्ये. जुन्या नियमानुसार त्यांची १७ वर्षांची मुदत मंजुरीच्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे मूळ औषध विकणाऱ्या अ‍ॅमजेन कंपनीची मक्तेदारी २०२९ पर्यंत शाबूत राहिली. सँडोझने कोर्टात दाद मागितली, २०२० मध्ये तिथेही हार झाली. एक औषध तीन दशके एकाच कंपनीच्या हातात. युरोपातल्या रुग्णांना मात्र त्याची स्वस्त आवृत्ती २०१६ पासून मिळते आहे. पुण्यात ल्युपिन कंपनीने विकसित केलेले एटानर्सेप्ट २०१९ मध्ये जपानच्या बाजारात उतरले आणि पुढच्या वर्षी त्याला युरोपातही मान्यता मिळाली.

औषध एकच, त्यामागचे विज्ञानही एकच. तरी एका देशात स्पर्धा आहे आणि दुसऱ्यात नाही. जैविक औषधांच्या बाजारात पेटंटची मुदत संपली म्हणून स्पर्धा आपोआप अवतरत नाही. औषध नियंत्रक, पेटंट कार्यालय, न्यायालय, स्पर्धा आयोग आणि सरकारी खरेदीदार यांनी मिळून ती घडवावी लागते. यांतल्या एकानेही हात आखडला तर स्वस्त औषध तयार असूनही रुग्णापर्यंत पोहोचत नाही. गेल्या वीस वर्षांचा अनुभव हेच सांगतो, आणि भारताने त्यातून जे शिकायला हवे होते ते अर्धेच शिकले आहे.

ही औषधे साध्या गोळ्यांपेक्षा वेगळी का, ते आधी पाहू. पॅरासिटामॉलचा रेणू लहान असतो. रासायनिक कृती माहीत असली की कोणत्याही कारखान्यात तंतोतंत तोच रेणू बनतो आणि तो तोच आहे हे यंत्रावर सिद्ध करता येते. ट्रास्टुझुमॅब किंवा अ‍ॅडॅलिमुमॅबसारखे प्रतिपिंड मात्र जिवंत पेशींकडून बनवून घ्यावे लागते. दूध एकाच डेअरीचे असले तरी विरजण बदलले की दोन घरांतल्या दह्याची चव वेगळी लागते. इथे तसेच होते. पेशींचे वाण, त्यांचे खाद्य, टाकीचे तापमान, शुद्धीकरणाची पद्धत, यांतले काहीही बदलले की रेणूत सूक्ष्म फरक पडतो. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या औषधाला बायोसिमिलर म्हणतात आणि मूळ औषधाशी त्याची तुलना अनेक पातळ्यांवर करून दाखवावी लागते.

ही काळजी अनाठायी नाही. एप्रेक्स हे मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी दिले जाणारे एरिथ्रोपोएटिन. १९९८ मध्ये कंपनीने त्यातला मानवी अल्ब्युमिन हा स्थिरीकरणाचा घटक काढून त्या जागी पॉलिसॉर्बेट ८० वापरले. त्यानंतरच्या पाच वर्षांत अनेक रुग्णांच्या शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, ती त्यांच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनवरही उलटली आणि अस्थिमज्जेत लाल पेशी बनणेच थांबले. हे घडले मूळ उत्पादकाच्या मूळ औषधात, कुणाच्या नकलेत नव्हे. म्हणून जैविक औषधांवरची देखरेख सैल करा असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रश्न असा आहे की देखरेखीचा कोणता भाग रुग्णाचे रक्षण करतो आणि कोणता फक्त जुन्या विक्रेत्याचे.

साध्या औषधांसाठी अमेरिकेने १९८४ मध्येच जेनेरिकचा सोपा रस्ता आखला. जैविक औषधांसाठी युरोपने पहिली वाट काढली. तिथे २००६ मध्ये ऑम्निट्रोप या वाढीच्या संप्रेरकाला पहिले बायोसिमिलर म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकेला कायदा करायलाच २०१० उजाडले आणि पहिले औषध मंजूर व्हायला मार्च २०१५. त्या कायद्याने मूळ औषधाला १२ वर्षांचे संरक्षण दिले. ते पेटंटपेक्षा वेगळे आहे: पेटंट रद्द झाले तरी या काळात दुसऱ्या कुणाला त्या औषधाच्या आधारे परवानगी मिळत नाही.

आता ह्युमिरा, म्हणजे अ‍ॅडॅलिमुमॅब. संधिवात, सोरायसिस, आतड्याचा क्रोहन आजार यांवर चालणारे हे इंजेक्शन अमेरिकेत २००२ च्या शेवटच्या दिवशी मंजूर झाले. मुख्य पेटंट २०१६ मध्ये संपले. अ‍ॅमजेनच्या बायोसिमिलरला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परवानगी मिळाली. पण अ‍ॅबव्ही कंपनीने तोवर डोस, मिश्रण, उत्पादनपद्धत, उपयोग अशा प्रत्येक बाबीवर पेटंट मागून ठेवले होते. अर्जांची संख्या २४० च्या पुढे गेली आणि १०० हून अधिक मंजूर झाले. एकेक पेटंट खोडून काढायला वर्षे आणि कोट्यवधी डॉलर लागतात, त्यामुळे स्पर्धकांनी एकामागून एक तडजोडी केल्या. युरोपात ऑक्टोबर २०१८ मध्ये विक्रीची मुभा, अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये. या सव्वाचार वर्षांच्या अंतराला कोणतेही वैद्यकीय कारण नव्हते. २०२२ मध्ये ह्युमिराची जगभरातली विक्री २१ अब्ज डॉलरवर गेली होती. भारतात झायडसने २०१४ च्या डिसेंबरातच एक्झेम्प्टिया नावाने अ‍ॅडॅलिमुमॅब आणले होते, जगात सर्वांत आधी.

अमेरिकेत काही ग्राहकांनी हा स्पर्धाविरोधी कट असल्याचा दावा लावला. अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तो फेटाळला. एका व्यक्तीने किती पेटंट घ्यावीत यावर कायदा मर्यादा घालत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. कायद्याच्या चौकटीत तो बिनचूक असेल. पण त्यामुळे दोष कुठे आहे तेही उघड होते. पेटंट कार्यालय एकेक अर्ज सुटा पाहते, न्यायालय एकेक दावा सुटा पाहते आणि शंभर पेटंटांची जी भिंत उभी राहते ती पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

बाजारात उतरल्यावरही लढाई संपली नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या वतीने औषधांच्या याद्या ठरवणारे मध्यस्थ असतात. तीन मोठ्या मध्यस्थांच्या हातून तिथली सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शने जातात. त्यांची कमाई बऱ्याच अंशी छापील किमतीवर मिळणाऱ्या सवलतीशी बांधलेली. म्हणून किंमत जितकी जास्त आणि सवलत जितकी मोठी, तितके औषध यादीत वर. अ‍ॅमजेनने आपले बायोसिमिलर दोन किमतींना आणले: एक मूळ किमतीपेक्षा ५५ टक्के स्वस्त, दुसरे फक्त ५ टक्के स्वस्त. महाग आवृत्ती मध्यस्थांसाठी होती. पहिल्या वर्षी ह्युमिराचा बाजारातला हिस्सा जवळपास हललाच नाही. एप्रिल २०२४ मध्ये या तिघांपैकी एक असलेल्या सीव्हीएसने मुख्य याद्यांतून ह्युमिरा काढून टाकले, तेव्हा कुठे रुग्ण झपाट्याने बायोसिमिलरकडे वळले. सीव्हीएसने त्या जागी ठेवलेले बायोसिमिलर तिच्याच एका उपकंपनीच्या नावाने विकले जात होते, हेही इथे नोंदवायला हवे. एक मक्तेदार जाऊन दुसरा द्वारपाल आला.

सवलतींची अशी बांधणी दुसऱ्या औषधांतही दिसते. इन्फ्लिक्सिमॅब या संधिवातावरच्या औषधाचे बायोसिमिलर घेऊन आलेल्या फायझरने २०१७ मध्ये मूळ औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनवर खटला भरला. जुन्या रुग्णांसाठी मूळ औषधावर मिळणारी सवलत टिकवायची असेल तर नव्या रुग्णांनाही स्पर्धकाचे औषध द्यायचे नाही, असे करार केल्याचा आरोप होता. २०२१ मध्ये तडजोड झाली. मे २०२५ मध्ये डेलावेअरच्या ज्यूरीने मात्र ठाम निकाल दिला. अ‍ॅमजेनने कोलेस्टेरॉलवरच्या आपल्या इंजेक्शनला जागा मिळवण्यासाठी दोन वेगळ्या औषधांवरच्या सवलती त्याच्याशी बांधल्या आणि रिजेनेरॉन या स्पर्धक कंपनीला बाहेर ठेवले, असे ठरवून रिजेनेरॉनला ४० कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितले. मोठा औषधसंच असलेली कंपनी एकाच औषधाच्या छोट्या स्पर्धकाला कशी चेपू शकते, याचा इतका स्वच्छ निवाडा क्वचितच होतो.

युरोप इथे निर्दोष आहे असे समजू नये. रोशचे अ‍ॅव्हॅस्टिन हे कर्करोगावरचे औषध डोळ्याच्या पडद्याच्या आजारावरही चालते, हे नेत्रतज्ज्ञांनी वापरून पाहिले होते. एका कुपीतून अनेक डोस काढता येत, म्हणून एका इंजेक्शनचा खर्च इटलीत जास्तीत जास्त सुमारे ८० युरो येई. त्याच घराण्यातले आणि डोळ्यासाठी खास मंजूर झालेले ल्युसेंटिस सुमारे ९०० युरोंना होते. अमेरिकेबाहेर ते नोव्हार्टिस विके आणि त्याची रॉयल्टी रोश समूहाकडे जाई. स्वस्त औषध धोक्याचे आहे अशी हवा दोघांनी मिळून निर्माण केली, असा ठपका ठेवून इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये दोघांना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये या कारवाईची दिशा योग्य मानली. फ्रान्समध्ये अशाच आरोपावरून २०२० साली झालेला ४४ कोटी युरोंचा दंड मात्र पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला. सुरक्षिततेची खरी शंका आणि स्पर्धकाविषयी पेरलेली भीती यांतली रेघ आखणे कोर्टांनाही जड जाते. पण ती आखावीच लागते, कारण जैविक औषधांत भीती हेच विक्रीचे सर्वांत प्रभावी हत्यार आहे.

त्या भीतीला उत्तर पुराव्याने देता येते. नॉर्वेच्या सरकारने स्वतः पैसे देऊन ते दिले. इन्फ्लिक्सिमॅबवर असलेल्या जवळपास ४८० रुग्णांपैकी निम्म्यांना मूळ औषधावर ठेवले, निम्म्यांना बायोसिमिलरवर नेले आणि वर्षभर पाहिले. बायोसिमिलर कमी पडत नाही, हा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतीही कंपनी असा अभ्यास स्वतःहून करणार नव्हती. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने खरेदीत असेच शहाणपण दाखवले. ह्युमिरावर तिचा वर्षाला ४० कोटी पौंडांहून अधिक खर्च होत होता. २०१८ मध्ये निविदा काढताना सगळे काम सर्वांत स्वस्त बोलीला न देता देशाचे भाग पाडून अनेक पुरवठादारांत वाटले, म्हणजे कुणीही एक विजेता बाकीच्यांना बाजाराबाहेर ढकलू नये. तरीही वर्षाला ३० कोटी पौंडांची बचत अपेक्षित धरता आली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत अनुकरणीय निर्णय हाच. आजचा सर्वांत कमी दर आणि उद्याही स्पर्धक शिल्लक राहणे, या दोन गोष्टी एकदम सांभाळणारे खरेदीदार फार थोडे असतात.

आता आपल्याकडे वळू. भारतात डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅब या कर्करोगावरच्या औषधाची जगातली पहिली समतुल्य आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा आपल्याकडे अशा औषधांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेच नव्हती. ती आली २०१२ मध्ये आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. म्हणजे उद्योग नियमांच्या पुढे धावला. याचा फायदा रुग्णांना झाला हे मान्य करायला हवे. पण या घाईत जो संशय राहून गेला, त्याची किंमतही चुकवावी लागली.

ट्रास्टुझुमॅबची कहाणी तीच आहे. एचईआर२ प्रकारच्या स्तनकर्करोगात हे औषध साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी द्यावे लागते. रोशच्या ४४० मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत लाखावर होती. मध्यमवर्गीय घरालाही वर्षभराचा उपचार झेपण्यासारखा नव्हता, मग मजुरी करणाऱ्या बाईची काय कथा. २०१२ मध्ये रोशने पुण्याच्या एमक्युअरशी करार करून हर्क्लॉन या नावाने ते थोडे स्वस्त केले. त्याच सुमारास रुग्ण आणि कार्यकर्त्यांनी मोहीम उभारली, आरोग्य मंत्रालयात सक्तीच्या परवान्याची चर्चा सुरू झाली, आणि २०१३ मध्ये रोशने भारतातल्या पेटंटवरचा दावा सोडून दिला. वर्ष संपण्याआधी बायोकॉन आणि मायलनच्या बायोसिमिलरला परवानगी मिळाली. २०१४ च्या सुरुवातीला ते सुमारे ५७,५०० रुपयांना बाजारात आले.

इथून खटल्यांची मालिका सुरू झाली. पेटंट उरले नव्हते, म्हणून रोशने दिल्ली उच्च न्यायालयात वेगळा मुद्दा उचलला: नियंत्रकाने आपलेच नियम पाळून परवानगी दिली का? वेष्टनावर आणि माहितीपत्रकात मूळ औषधाच्या चाचण्यांची माहिती वापरता येईल का? फेब्रुवारी २०१४ मध्ये अंतरिम बंधने आली, एप्रिल २०१६ च्या निकालातही ती बऱ्याच प्रमाणात राहिली. एप्रिल २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, रोश आपल्या वर्चस्वाचा गैरवापर करते आहे या बायोकॉन-मायलनच्या तक्रारीवर चौकशीचा आदेश दिला. नियंत्रक, डॉक्टर, रुग्णालये यांच्या मनात बायोसिमिलरविषयी किंतु निर्माण केल्याचा आरोप त्यात होता. आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला अमेरिकेच्या एफडीएने बायोकॉन-मायलनचे ट्रास्टुझुमॅब या औषधाचे तिथले पहिले बायोसिमिलर म्हणून मंजूर केले.

या प्रसंगात रोशच्या डावपेचांवर टीका करणे सोपे आहे, ती रास्तही आहे. पण आपल्या नियंत्रकाने तिच्या हातात मुद्दा दिला, हे विसरता येणार नाही. युरोपात एखादे औषध मंजूर झाले की सविस्तर मूल्यमापन अहवाल प्रसिद्ध होतो: कोणत्या चाचण्या, किती रुग्ण, काय फरक सापडले, ते का मान्य केले. अमेरिकेतही परीक्षणाची कागदपत्रे खुली असतात. आपल्या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे सीडीएससीओच्या, तज्ज्ञ समित्यांची इतिवृत्ते संकेतस्थळावर येतात, पण ती काही ओळींची. एवढ्यावर सोलापूरच्या किंवा नांदेडच्या कर्करोगतज्ज्ञाने चार ब्रँडमधला कोणता निवडावा? माहिती नसली की डॉक्टर सवयीवर किंवा कंपनीच्या प्रतिनिधीवर विसंबतो. स्पर्धा किमतीवर आणि गुणवत्तेवर व्हायला हवी, ती ओळखीवर होते.

किमतीची दुसरी गाठ छापील किमतीत, एमआरपीत आहे. स्पर्धक वाढले की कंपनी रुग्णालयाला स्वस्त देते, पण कुपीवरची छापील किंमत तितकी उतरत नाही. मधला फरक रुग्णालयाच्या औषधदुकानात राहतो. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरच्या ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा काही ब्रँडची छापील किंमत ८७ टक्क्यांपर्यंत खाली आली. मधल्या साखळीत किती रक्कम मुरत होती, ते या एका आकड्याने उघड केले.

सामूहिक खरेदीचे उत्तम उदाहरण मात्र आपल्याच मुंबईत आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने २३ रुग्णालयांची ४० औषधांची मागणी एकत्र करून भाव पाडून घेतले. जुन्या दरांच्या तुलनेत २३ पासून ९९ टक्क्यांपर्यंत बचत झाली. नवा कायदा लागला नाही, पेटंट मोडावे लागले नाही. औषध तेच, कंपन्या त्याच, फक्त मागणारे एकत्र आले. या जाळ्याबाहेरच्या रुग्णालयांत तोच उपचार घेणारा रुग्ण अजूनही आपली कुपी एकट्याने विकत घेतो.

टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई यांच्या सहकार्यातून स्पर्धेची आणखी एक तऱ्हा पुढे आली. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून परत सोडण्याच्या कार-टी उपचाराची किंमत अमेरिकेत २०१७ मध्ये ४,७५,००० डॉलर ठेवली गेली होती. असा उपचार प्रत्येक रुग्णासाठी वेगळा बनतो, म्हणून त्याची नक्कल करून स्वस्त विकण्याचा नेहमीचा मार्ग इथे फारसा चालत नाही. नेक्सकार१९ हा इथे घडवलेला उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाला, अमेरिकी किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्शात. सार्वजनिक संस्थेतले संशोधन हीच इथे मक्तेदारीवरची तोड ठरली. तरीही ही रक्कम लाखांत आहे आणि बहुतेक घरांना ती पेलणारी नाही.

सध्या जगभर नियम हलके करण्याचे वारे आहे. ब्रिटनने २०२१ मध्येच, रेणूची तुलना पक्की असेल तर बायोसिमिलरसाठी मोठी परिणामकारकता चाचणी सहसा लागणार नाही, असे धोरण घेतले. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये तसाच मसुदा मांडला. भारतातही २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांच्या सुधारणेचा मसुदा आला आहे. हा बदल शास्त्राला धरून आहे. आजची विश्लेषणाची साधने रेणूतला फरक पकडण्यात शेकडो रुग्णांच्या चाचणीपेक्षा तीक्ष्ण आहेत, आणि ती चाचणी गाळली तर कंपनीचा खर्च आणि वेळ दोन्ही वाचून छोट्या उत्पादकांनाही उतरता येते. पण ब्रिटनमध्ये चाचणी गाळली तरी बाकी सगळा पुरावा कागदावर उघड असतो. आपण चाचणी गाळू आणि कागदही कपाटात ठेवू, तर ट्रास्टुझुमॅबच्या वेळचा संशय दुपटीने परत येईल आणि त्याचा फायदा पुन्हा सर्वांत महाग विक्रेत्यालाच होईल.

पुढची कसोटी पेम्ब्रोलिझुमॅबची, म्हणजे कीट्रुडाची. कर्करोगावरचे हे इंजेक्शन २०२४ मध्ये जगातले सर्वाधिक विक्रीचे औषध होते. त्या वर्षीची त्याची विक्री २९ अब्ज डॉलरच्या पुढे होती आणि अमेरिकेतले मुख्य पेटंट २०२८ मध्ये संपते. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने शिरेऐवजी त्वचेखाली देण्याची त्याची नवी आवृत्ती मंजूर करून घेतली आहे. तिची पेटंटे वेगळी आहेत. रुग्णाचा वेळ वाचतो हे खरे, पण २०२८ पूर्वी बहुतेक रुग्ण नव्या आवृत्तीवर गेले तर जुन्या आवृत्तीच्या बायोसिमिलरना गिऱ्हाईकच राहणार नाही. भारतात तसे होऊ द्यायचे नसेल तर तयारी आत्ताच हवी. सीडीएससीओने मंजूर केलेल्या प्रत्येक बायोसिमिलरचा पूर्ण मूल्यमापन अहवाल खुला करावा. महाराष्ट्र शासनाने आपल्या जिल्हा रुग्णालयांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना कॅन्सर ग्रिडच्या सामूहिक खरेदीत सामील करावे आणि पुरवठा एकाच कंपनीच्या हाती न देता वाटून द्यावा. आणि ज्यांच्या घरात असा उपचार सुरू आहे त्यांनी डॉक्टरांना थेट विचारावे: याच औषधाचे बायोसिमिलर आहे का, ते रुग्णालयाला किती रुपयांना मिळते, आणि आम्हाला किती रुपयांना?